सूत्रसंचालन तासिकेवाले करतील

वडगाव रासाई,
२ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सा. नमस्कार.

आज सोमवार. सकाळी लवकर उठलो. शेजारच्या काकूंनी दोन भाकरी दिल्या, त्या डब्यात घेतल्या. साडेदहाला वाडीच्या शाळेत पोचलो. वेळापत्रकात चार तास होते, सहा घेतले. पाचला शाळा सुटली. घरी येऊन दिवा लावला आणि हे लिहायला बसलो.

कारण असं की मी रांजणगावची कंपनी सोडली. सुलक्षणा ज्या शाळेत शिकवत होती, तिथेच तिचे गणित-विज्ञानाचे तास मी घेतले आहेत. लोकांकडून कळण्याआधी आपल्या लेकीच्या नवऱ्याकडून कळावं असं वाटलं. फोनवर आपल्याला ऐकू येत नाही, आणि मामींच्या तोंडून आपल्याला हे कळावं असंही वाटेना.

मीही तिच्यासारखाच तासिकेवाला. म्हणजे कायम शिक्षकाची जागा भरलेली नाही, तोवर तास घेण्यापुरता बोलावलेला माणूस. तिने ते आठ वर्षं केलं. मला आज पहिला दिवस.

मुख्याध्यापक पोपटराव सरांनी मला व्हरांड्यातच उभ्या उभ्या घेतलं. म्हणाले, "तुमचंपण बी.एड. झालंय हे मॅडम कधी बोलल्या नाहीत. बरं झालं, आमची शोधाशोध वाचली." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकात माझं नाव लिहिलं. कायम शिक्षकांची नावं शाईने आहेत, तासिकेवाल्यांची पेन्सिलने. तिचं नाव खोडलं होतं, पण उजेडात अजून दिसतं. त्यावरच माझं आलं.

दहावीच्या वर्गात गेलो तर एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही किती दिवस?" मी म्हणालो, बघू. ती खाली बसली. त्यांना या उत्तराची सवय आहे.

आपली प्रकृती जपावी. मामींना नमस्कार.

आपला,
ज्ञानेश


यवत,
ता. ८/१२/२४

ज्ञानेशराव यांस तात्याबाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मग सिंधूला, तुमच्या मामींना, वाचून दावलं. ती चुलीम्होरनं उठून आत गेली ती जेवायला सुदिक बाहेर आली न्हाई.

जावईबापू, गुऱ्हाळाच्या इंजिनानं माझं कान गेलं, पण डोळं आन् डोस्कं जाग्यावर हाय. गौरी-गणपतीच्या आठवड्यात माझी लेक तापानं गेली. अंगात ताप आसताना ती शाळेत जात व्हती एवढं मला ठावं हाय. तिला मातीला नेली तवा त्या शाळेतनं एक माणूस आला न्हाई. यकटा शिपाई आला, त्यो बी मागं उभा राहून गेला. आन् आज तुम्ही त्याच शाळेत, त्याच पोपटाच्या हाताखाली. तिच्या नावावर नाव लिवून घेतलंत, वर मला लिवून कळवता.

कंपनीत काय वाईट व्हतं? का तिची जागा कायम व्हईल आन् आपण तिच्यात बसू, आसं कुणी कानात सांगितलं? तसं आसंल तर ही पत्रं लिवू नका. मी वाचणार न्हाई. चुलाणात घालीन. गूळ उकळायला जाळ लागतोच.

तुम्ही गप माणूस. लग्नात सुदिक मी सिंधूला म्हणलं व्हतं, पोरगा बोलतच न्हाई, खोट हाय का काय. तवा सुलीच म्हणली, "आप्पा, बोलत न्हाईत पन इसरत बी न्हाईत." तेवढ्यावर दिली. आता मला वाटतं तुम्ही इसरलात.

ज्याचं जळतं त्याला कळतं. आमचं जळतंय.

तात्याबा


वडगाव रासाई,
१५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सा. नमस्कार.

आज रविवार. कपडे धुतले, अंगणातली स्कुटी पुसली.

आपलं पत्र वाचून मला राग आला नाही. आपल्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं. पण मी तिथे नोकरीसाठी गेलो नाही. एक गोष्ट मी आपल्यापासून लपवली होती. दहाव्याच्या दिवशी आपण घाटावर बसला होता, तेव्हा तोंडावर आली होती, पण मामी शेजारी होत्या म्हणून गिळली. आता लिहितो.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सुलक्षणा शाळेतून आली तेव्हा तिचं अंग भाजत होतं. पर्स खिळ्याला अडकवत ती म्हणाली, "रजा मागितली. मिळाली नाही." शाळेत गणपती बसवलेला, मंगळवारी आरतीला संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब येणार, सूत्रसंचालन तिच्याकडे. पोपटराव सर तिला सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते, "मॅडम, तासिकेवाल्यांना आजार परवडत नाही. तुम्ही नाही आलात तर दुसरी कोणी येईल, आणि ती आली की मग तीच." मी तिला जाऊ नको म्हणालो. ती म्हणाली, आठ वर्षं झाली, आता कशाला वाकडेपणा घ्यायचा. मंगळवारी ती गेली, माईक धरला, आरती झाली. बुधवारी पहाटे मी तिला शिरूरला दवाखान्यात नेलं, आपणही तिथे आलात. पुढचं आपल्याला माहीत आहे. डेंग्यू होता, डॉक्टर म्हणाले दोन दिवस आधी आणायला हवं होतं.

सरांचं ते वाक्य तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडावर रागसुद्धा नव्हता. तो राग माझ्याकडे आला आणि आहे.

आता तिथे आल्यावर आणखी कळलं. शिपाई साहेबराव, जो मातीला आला होता, त्याने सांगितलं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, परिपाठाच्या वेळी दहावीची मुलं म्हणाली, मॅडमना श्रद्धांजली वाहू. सर म्हणाले, "कायम शिक्षक गेला तर शाळा सुटते. तासिकेवाल्यांसाठी तसं काही नाही. प्रार्थना घ्या." हे सांगून साहेबराव मला म्हणाला, "बापूसाहेबांची आत्या सारजाबाई वारली तवा अर्धी शाळा सोडली व्हती सर. तिनं शाळेचं तोंड बी पाहिलं नव्हतं." आणि मग म्हणाला, "माझं नाव साहेबराव, मी घंटा वाजवतो. सायेब कोण हाय ते मला चांगलं ठावं."

मामा, मला त्या माणसाच्या तोंडासमोर, सगळ्या गावासमोर, तिच्यासाठी ती शाळा दोन मिनिटं उभी करायची आहे. आणि ती का गेली ते त्याच्यासमोर बोलायचं आहे. बाकी काही नको. कसं ते अजून ठरलेलं नाही. पण बाहेर उभं राहून ते होणार नाही.

तोवर शिकवतो. हे काम वाईटच आहे असं नाही, हेही लिहितो, कारण ती आपल्याला कधी वाईट बोलली नसेल. हजेरीपुस्तक नाही, मीटिंगा नाहीत, कोणाच्या गटात बसावं लागत नाही. जो सर आला नाही त्याच्या वर्गावर आपल्याला धाडतात, त्यामुळे शाळेतलं प्रत्येक मूल आपल्याला ओळखतं. कायम शिक्षकाला जे सांगत नाहीत ते आपल्याला सांगतात, कारण आपण उद्या नसणार. आणि स्टाफरूममध्ये आपल्याला खुर्ची नसते. ती प्रयोगशाळेतल्या स्टुलावर डबा खायची. मीही तिथेच खातो. ज्या दिवशी शाळेला सुट्टी त्या दिवशी आपण कोणीच नसतो.

ती वर्तुळाच्या धड्यावर थांबली होती. मी तिथूनच पुढे घेतलं.

आपला,
ज्ञानेश


यवत,
ता. २८/१२/२४

ज्ञानेशराव यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र जाळलं न्हाई. सिंधूला वाचून दावलं न्हाई. बंडीच्या आतल्या खिशात ठेवलंय.

उत्तर द्यायला येळ लागला, कारण मधी मी तुमच्या शाळेत येऊन गेलो. तुम्हाला कळवलं न्हाई. मंगळवारी कोयता पिशवीत घातला, वर टावेल टाकला आन् गाडी धरली. चौफुल्याला उतरलो, दुसरी जीप धरली, पूल वलांडला. डोस्क्यात एकच. तुमच्या दोन मिनिटाचं तुम्ही बघा, मी माझं बघतो.

फाटकातनं आत आलो. वरच्या वर्गाच्या खिडकीतनं तुमची पाठ दिसली. फळ्यावर लिवत व्हता. माझी लेक अशीच लिवायची, डावा हात पाठीमागं. तुम्ही बी तसाच धरला व्हता. तुमच्या ध्यानात आसंल का न्हाई कुणास ठाऊक. मी हातपंपापाशी जरा बसलो.

मग हापिसात गेलो. पोपटराव मला बघून उठला. माझं लग्नातलं त्वांड त्याच्या ध्यानात व्हतं. खुर्ची दिली. साहेबरावाला खूण केली, चहा आला. एका हातात कप, एका हातात बशी. आता कोयता कशानं काढायचा? चहा टाकून द्यावा तर अन्नाचा अपमान. पिऊन घेऊ म्हणलं, मग उठू.

तो बोलाय लागला. व्हट हलत व्हते, हात छातीवर ठेवत व्हता, वर देवाच्या फोटोकडं दावत व्हता. मला एक अक्षर कळलं न्हाई. तुम्हाला ठावं हाय, ऐकू येईना झाल्यापास्नं कुणी बोलाय लागलं की मी मान हलवतो. न्हाईतर लोक वरडतात, आन् वरडलं की सगळी बघतात. सवय लागली. मी मान हलवत गेलो. चहा संपला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठिवला आन् फाटकापातुर पोचवाय आला. येष्टीत बसल्यावर ध्यानात आलं, कोयता पिशवीतच हाय.

काय काय कबूल करून आलो ते देव जाणे. ज्याची मान पिरगाळायला गेलो त्याच्याम्होरं माझीच मान हलवून आलो. आता मला कुणी नामर्द म्हणलं तर मी काय म्हणू.

तुम्ही जे ठरवलंय ते करा. मी मधी येणार न्हाई.

तात्याबा


वडगाव रासाई,
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
सा. नमस्कार.

काल शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर सरांनी सगळ्यांना थांबवलं. मी बाहेर पडत होतो, मलाही थांबवलं. तासिकेवाल्यांना सहसा थांबवत नाहीत.

आपण काय कबूल करून आलात ते मला काल कळलं. कळवणं भाग आहे, म्हणून जसंच्या तसं लिहितो. सर म्हणाले, "मॅडमचे वडील स्वतः येऊन गेले. गावात काही लोक उगाच काहीबाही बोलतात. त्यांची शब्दाने तक्रार नाही. मी म्हटलं, शाळेने आपल्या परीने सगळं केलं, तर ते हो म्हणाले. मी म्हटलं, नशिबापुढे कोणाचं चालत नाही, तर हो म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या मनात माझ्याविषयी काही किल्मिष नाही ना, तर मान हलवून नाही म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस." सगळे शिक्षक माझ्याकडे बघत होते. मी खाली बघत होतो.

साहेबराव चहाचे कप गोळा करत होता. मागाहून मला म्हणाला, "सर, म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई हे मला पयल्या मिनिटाला कळलं. सरांना कळलं न्हाई व्हय? का कळूनबी बोलत राहिले?" मला वाटतं, कळूनच.

पुढचं ऐका. सर या ३१ तारखेला निवृत्त होत आहेत. सेवापूर्तीचा मोठा समारंभ आहे. पटांगणात मांडव, फेटे, बापूसाहेब अध्यक्षस्थानी, सरांच्या घरचे सगळे, तालुक्यातले मुख्याध्यापक. आणि सरांचं म्हणणं असं, की पहिला हार मॅडमच्या वडिलांच्या हातून पडावा. म्हणजे गावाचं तोंड बंद होईल. आपल्याला न्यायला गाडी पाठवणार आहेत.

मग सूत्रसंचालनाचा विषय निघाला. कायम शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाले, "ते तासिकेवाले करतील. नेहमी तेच करतात." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम फार छान करायच्या. तुम्हाला जमेल."

मी हो म्हणालो.

मामा, आता आपण ठरवा. आपण आला नाहीत तरी मी माझं करणार आहे. पण आलात तर ज्या मानेच्या जोरावर ते उभे आहेत, तीच मान शेजारी असेल. गाडी येईल. आपण बसा. हार हातात देतील, तो घ्या. घालायच्या आधी माझ्याकडे बघा. मी दोन्ही हात वर केले की हार बाजूला ठेवून तसेच उभे राहा.

आपला,
ज्ञानेश


यवत,
ता. १२/१/२५

ज्ञानेशराव यांस आशीर्वाद.

येतो.

आमचं सुतक-वर्ष सरलं न्हाई. भावकी म्हणती, वर्साच्या आत हारतुऱ्याच्या कार्यक्रमाला जाऊ नये. मी म्हणलं, हे काय लगीन न्हाई. संक्रांतीला ह्या साली आमच्यात तिळगूळ न्हाई, गुऱ्हाळ घरचं आसून. तोंड गोड करायची घाई न्हाई मला.

तुमची दोन्ही पत्रं सिंधूला वाचून दावली. लपवायचं किती. तिनं सगळं ऐकलं, रडली न्हाई. पीठ मळत व्हती, मळून झाल्यावर म्हणली, "दहावीच्या पोरांचं काय?" मी म्हणलं, त्यांचं काय? तर म्हणली, "ह्यानं त्या दिशी त्वांड उघडलं की दुसऱ्या दिशी ह्याला हाकलणार. फेब्रुवारीत पोरांची परीक्षा. सुली आसती तर आधी पोरांचं पुस्तक संपवलं आसतं, मग भांडली आसती. जावयाला लिवा, धडं आधी उरका. मग त्या मेल्याचं काय करायचं ते करा."

लिवलं. तिचा सबुद मोडू नका. मला बी जलमभर मोडता आला न्हाई.

कोयता घरी ठिवतो. सिंधूनंच काढून घेतलाय.

तात्याबा


वडगाव रासाई,
१ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
सा. नमस्कार.

काल कार्यक्रमात आपल्याशी बोलता आलं नाही. आपण व्यासपीठावर माझ्या मागे होता आणि नंतर गर्दी झाली. ज्या गाडीने आपण आलात तिने परत जाणार नाही म्हणून चालत निघालात, असं साहेबरावाने सांगितलं. मी चौकापर्यंत आलो, तोवर एसटी गेली होती. आपण सगळं पाहिलंत, पण ऐकलं नाहीत. म्हणून मी काय बोललो ते लिहितो. आपल्याला ते माहीत असायला हवं.

मामींचा शब्द पाळला. मुलांचा शेवटचा धडा गेल्या आठवड्यात संपला. सराव पेपर दोनदा सोडवून घेतले. गुरुवारी मी त्यांना म्हणालो, उद्या मी काही बोललो तर दंगा करायचा नाही, फक्त उभं राहायचं. ज्या मुलीने पहिल्या दिवशी विचारलं होतं की किती दिवस, तिने विचारलं, "मॅडमसाठी का?" मी फळा पुसायला घेतला.

दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, पाहुण्यांना फेटे बांधले. सत्कारमूर्तींना पहिला हार घालण्यासाठी मी आपलं नाव पुकारलं. आपण हार हातात घेतलात आणि माझ्याकडे बघितलंत. तेव्हा मी हे बोललो:

"हार घालण्याआधी दोन मिनिटं. सोसायटीची सभा असो, ग्रामसभा असो, आपल्याकडे आधी वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. या शाळेत ते राहून गेलं आहे. सरांच्या सेवेची छत्तीस वर्षं आज पूर्ण झाली. याच वर्षी या शाळेतल्या आणखी एका शिक्षिकेची सेवा पूर्ण झाली. त्यांचं नाव सुलक्षणा. त्या आठ वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. नऊ सप्टेंबरला अंगात ताप असताना त्यांनी रजा मागितली. पोपटराव सर त्यांना म्हणाले, तासिकेवाल्यांना आजार परवडत नाही. सरांचं म्हणणं खरं ठरलं. परवडला नाही. दहा तारखेला त्यांनी याच पटांगणात, याच माईकवर आरतीचं सूत्रसंचालन केलं. बारा तारखेला त्या गेल्या. मी त्यांचा नवरा. व्यासपीठावर हार घेऊन उभे आहेत ते त्यांचे वडील. त्यांना ऐकू येत नाही. सर त्यांच्याशी जे बोलले त्यातलं एक अक्षर त्यांना कळलेलं नाही, आणि त्यांनी कशालाही होकार दिलेला नाही. आता सगळ्यांनी उभं राहावं."

एवढंच. जास्त बोलायचं ठरवलं होतं.

मुलं आधी उठली. व्यासपीठावर सगळ्यांत आधी बापूसाहेब उठले. त्यांना सवय आहे. श्रद्धांजली म्हटलं की ते टोपी सावरून उठतात, कोण गेलं ते नंतर विचारतात. अध्यक्ष उठले म्हटल्यावर पाहुणे उठले, मग सगळा मांडव. मी समोर बघत होतो. सरांच्या घरची माणसं पुढच्या रांगेत होती. त्यांच्या मिसेस उभ्या होत्या आणि सरांकडे बघत होत्या. डोळे मिटलेले नव्हते. माझ्या मागे काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित आणखी काही बोललो असतो.

मग मी म्हणालो, ओम शांती, आणि माईक टेबलावर ठेवला. पुढचा कार्यक्रम कोणी चालवला मला माहीत नाही. फाटकाबाहेर साहेबराव आला. म्हणाला, "सर, बापूसायबांचा निरोप हाय. सोमवारपासनं येऊ नका." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो हसत होता. म्हणाला, "तासिकेवाल्याला नोटीस लागत न्हाई."

मलाही द्यावी लागली नाही. या कामाची ती एक बरी बाजू.

आपला,
ज्ञानेश


यवत,
ता. ६/२/२५

ज्ञानेशराव यांस आशीर्वाद.

तुमचं भाषण वाचलं. सिंधूला वाचून दावलं. "परवडला नाही" ह्या जागी तिनं मला थांबवलं आन् परत वाचाय लावलं.

तुमच्या पाठीमागं काय झालं ते आता माझ्याकडनं ऐका.

तुम्ही हात वर केलं. मी हार खाली टेबलावर ठिवला. माझ्या कानाला सगळी सभा कायमच गप आसती, पर त्या दिशी मला डोळ्यानं दिसलं, समदी गप झाली. पोरांची मान खाली, बायांनी पदर तोंडाला लावलेला. मला कळलं, माझ्या लेकीचं नाव झालं.

पोपटराव उठला न्हाई. खुर्चीचं हात धरून बसला व्हता. बापूसायबांनी त्याच्याकडं बघितलं तवा उठला. आन् उठला तो पायऱ्यांकडं वळला. खाली उतरून जाणार व्हता. मी त्याचं मनगट धरलं. गूळ घोटून घोटून माझा पंजा कसा झालाय ते तुम्हाला ठावं हाय. त्यानं ओढून बघितलं. मी सोडलं न्हाई. खालच्या लोकांना वाटलं आसंल, म्हातारा त्याला आधार देतोय. फोटोवाल्यानं फोटो बी काढला. त्याचा फेटा ढिला झाला व्हता, शेमला डोळ्यावर आला, पर एक हात माझ्याकडं आन् दुसऱ्यात शाल, मग सारखा कशानं करणार. तसाच उभा राहिला. घाम कानशिलावरनं उतरत व्हता. त्याची नाडी माझ्या बोटाखाली उडत व्हती. मी म्हणलं, उडू दे. माझ्या पोरीची दवाखान्यात आशीच उडत व्हती, मी धरून बसलो व्हतो.

लोक बसले तरी मी सोडला न्हाई. तुम्ही माईक ठिवून उतरला, तवाबी न्हाई. मग त्यो माझ्या कानाजवळ आला आन् काहीतरी सांगाय लागला. लई येळ सांगत व्हता. व्हट हलत व्हते. माफी मागत व्हता का शिव्या देत व्हता, का परत नशिबाचं सांगत व्हता, मला काय ठावं.

ह्या बारीला मी मान हलवली न्हाई.

त्याचं बोलणं सरंस्तवर त्याच्या डोळ्यात बघत उभा राहिलो. मग हात सोडला आन् चालत येष्टीला आलो.

तात्याबा


वडगाव रासाई,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
सा. नमस्कार.

आज रविवार. सकाळी अंगण झाडलं. दुपारी दहावीची पाच-सहा मुलं सायकलवरून आली होती, काही गणितं अडली होती. ओट्यावर बसवून सोडवून दिली. परीक्षेपर्यंत येतो म्हणाली. या म्हणालो.

माझ्या जागी अपेक्षा नावाची नवीन मुलगी आली आहे, गेल्या वर्षीच बी.एड. झालेली. मुलांनी तिला पहिल्या दिवशी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, कायम होईपर्यंत. बुधवारी तिला सर्दी-ताप होता. नवीन प्रभारी मुख्याध्यापक तिला दारातूनच म्हणाले, "मॅडम, घरी जा, बऱ्या व्हा, मग या." साहेबराव हे सांगायला मुद्दाम इथवर आला होता. म्हणाला, "भ्यालेत, सर." भ्याले म्हणून का होईना.

पोपटराव सर आपल्या कानात काय बोलले ते साहेबरावाला माहीत आहे, तो खुर्च्या उचलायला जवळ होता. मला सांगू लागला. मी म्हणालो, नको. माफी मागितली असेल तर मला ती नको आहे, आणि नसेल मागितली तर राग वाढवून घ्यायला माझ्याकडे जागा नाही. आहे तेवढा आहे. कमी झाला असं खोटं लिहीत नाही.

रांजणगावला जुन्या सुपरवायझरना फोन केला आहे. बघू म्हणाले.

मामींना सांगा, मुलांचं पुस्तक पूर्ण झालं.

आता पत्र बंद करतो. अंधार पडायच्या आत तिची स्कुटी थोडा वेळ चालू करून ठेवतो, नाहीतर बॅटरी उतरते.

आपला,
ज्ञानेश